विषाणू दोषी आहे. म्हणून तंबाखू निर्दोष ठरत नाही

तोंडाच्या कर्करोगाबद्दल एक युक्तिवाद अलीकडे कानावर पडतो. ‘कधीही तंबाखू न खाल्लेल्यांनाही हा आजार होतो. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, असे शास्त्रज्ञच सांगतात. मग तंबाखूच्याच मागे का लागता?’ याच्या अगदी विरुद्ध टोकाचे मतही तेवढ्याच ठामपणे मांडले जाते. ‘आपल्याकडचा सगळा कर्करोग तंबाखूचा. एचपीव्ही हा बायकांच्या गर्भाशयाचा आणि पाश्चात्त्यांच्या राहणीचा प्रश्न. आपल्या मुलग्यांना त्याची लस कशाला?’ दोन्ही मते अर्धवट माहितीवर उभी आहेत आणि दोन्हींची किंमत माणसे जिवाने मोजतात. म्हणून दोन्हींचे खंडन करणे भाग आहे.

पहिल्या मतात जे खरे आहे, ते आधी मान्य करू. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजेच एचपीव्हीमुळे, कर्करोग होतो, यात आता शंका उरलेली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण हा विषाणू आहे, हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली डोके-मानेच्या कर्करोगाचे २५३ नमुने तपासले. सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांत हा विषाणू आढळला आणि त्यांतले निम्म्याहून जास्त नमुने घशातले होते. आज अमेरिकेत घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या, भागातले सुमारे ७० टक्के कर्करोग एचपीव्हीमुळे होतात, असा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे.

पण हा पुरावा कोणत्या जागेचा आहे, ते पाहिले पाहिजे. एचपीव्हीचे, विशेषतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचे, आवडते ठिकाण म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ. टॉन्सिलला खोल खाचा असतात. त्यांतले अस्तर इतके विरळ असते की विषाणूला तळाच्या पेशींपर्यंत सहज पोचता येते. गालाच्या आतले अस्तर जाड असते. तिथल्या काही थोड्या कर्करोगांतही विषाणूचा हात असतो, पण तो मुख्य सूत्रधार नसतो.

आता आपल्याकडे पाहा. भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे २०२२ मध्ये सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असावेत, असा जागतिक अंदाज आहे. पुरुषांमध्ये तर हा देशातला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आपल्याकडे तो बहुतेकदा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत उगवतो, म्हणजे जिथे तंबाखूचा बार धरला जातो नेमका तिथेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, बायकांची मिश्री, चुना-तंबाखू हे सारे याच हिशेबात येते. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स पेशींच्या जनुकांवर घाला घालतात. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. सुपारीमुळे तोंडाचे अस्तर आखडते आणि विशी-तिशीतल्या तरुणांचे तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. हे विषाणूचे काम नव्हे.

दोन्ही गुन्हेगारांच्या खुणाही वेगवेगळ्या असतात. पेशीला बेफाम वाढू न देणारे पी-५३ नावाचे प्रथिन आपल्या शरीरात असते. तंबाखूच्या कर्करोगात त्या प्रथिनाचे जनुकच बिघडलेले आढळते. एचपीव्हीच्या कर्करोगात जनुक सहसा शाबूत असते. विषाणूचे ई-६ हे प्रथिन तयार झालेले पी-५३ नष्ट करते आणि ई-७ हे पेशीच्या वाढीवर पहारा देणारे दुसरे प्रथिन निकामी करते. म्हणूनच गाठीत विषाणूचा नुसता डीएनए सापडला, एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. तो तिथे ही प्रथिने बनवतो आहे का, हे पाहावे लागते. नुसत्या डीएनएच्या आधारावर भारतातल्या कर्करोगांचे खापर विषाणूवर फोडणे अशास्त्रीय आहे.

तंबाखूच्या वकिलांना शेवटचे उत्तर खुद्द एचपीव्हीचे रुग्णच देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात घशाच्या कर्करोगाचे एचपीव्ही असलेले ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते. विषाणू नसलेल्यांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. मात्र विषाणूवाल्यांपैकी ज्यांनी दीर्घकाळ धूम्रपान केले होते, त्यांचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे कर्करोग विषाणूने दिला तरी तंबाखू जगण्याची संधी हिरावतेच.

आता दुसरे मत. आपल्याकडे तंबाखूचा वाटा मोठा आहे, म्हणून विषाणू नाहीच असे ठरत नाही. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात तो भारतातही सापडतो. हा बायकांचाच प्रश्न आहे, हेही खोटे. अमेरिकेतल्या २००९-१० च्या पाहणीत तोंडातला एचपीव्ही संसर्ग पुरुषांमध्ये १०.१ टक्के, तर स्त्रियांमध्ये ३.६ टक्के आढळला. बहुतेकांचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्या शरीरात तो टिकतो आणि काही दशकांनी त्यातून कर्करोग होऊ शकतो.

याच कारणाने रुग्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. लैंगिक संबंध, त्यांत मुखसंबंधही आले, हा संसर्गाचा मार्ग आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. पण हा विषाणू इतका सर्वत्र आहे की आयुष्यात एकच जोडीदार असलेल्यालाही तो होऊ शकतो आणि तो कधी आला हे सांगता येत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची शुश्रूषा केल्याने कर्करोग होत नाही. लाजेपायी मानेतली गाठ लपवणारा माणूस उपचाराची वेळ गमावतो.

लसीच्या सुरक्षिततेविषयीचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला लसीकरण प्रकल्प २०१० साली मुलींच्या मृत्यूंनंतर थांबवावा लागला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही; पालकांची संमती घेण्यात मात्र गंभीर हयगय झाली होती. यातून शिकायचे ते पालकांना सर्व सांगून लस द्यायला, लस नाकारायला नव्हे. कोस्टारिकातल्या चाचणीत लस घेतलेल्या स्त्रियांच्या तोंडात १६ आणि १८ या प्रकारांचा संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळला. घशाचे कर्करोग किती घटले, हे कळायला अजून वर्षे लागतील. पण संसर्गच झाला नाही तर त्यातून होणारा कर्करोगही होणार नाही, हे तर्काला धरून आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला २०२२ साली मान्यता मिळाली, ती ९ ते २६ वयाच्या मुलींसाठी आणि मुलग्यांसाठीही. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासूनच मुलग्यांना राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाविरुद्धची मुख्य लढाई तंबाखू आणि सुपारीशीच आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. ती कागदावर न राहता टपरीवर दिसली पाहिजे. त्याच वेळी मुलींना आणि मुलग्यांना योग्य वयात एचपीव्हीची लस मिळाली पाहिजे. एक काम दुसऱ्याला पर्याय नाही.

वाचकहो, तोंडातला पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेतली न दुखणारी गाठ, गिळताना होणारा त्रास यांपैकी काहीही दिसले, तर कारण विषाणू की तंबाखू याचा वाद घालत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि हा लेख वाचताना गालात बार असेल, तर तो आत्ताच थुंका आणि पुन्हा भरू नका.