रंधा यंत्र: सुबक काम आणि शाबूत बोटे

सुताराच्या कारखान्यात करवतीची भीती सगळ्यांनाच वाटते, कारण तिचे दात दिसतात. त्याच खोलीतले रंधा यंत्र मात्र निरुपद्रवी भासते. दोन सपाट टेबले, मधे एक फट आणि त्या फटीत इतक्या वेगाने फिरणारी पाती की ती नजरेला दिसतच नाहीत. प्रत्यक्षात त्याची जखम अधिक वाईट असू शकते. करवतीने तुटलेले बोट अनेकदा एकसंध राहते आणि सूक्ष्म शस्त्रक्रियेने ते जोडण्याची आशा असते. रंधा बोट तोडत नाही. लाकडासारखेच ते थराथराने सोलून काढतो. त्यामुळे पुन्हा जोडण्यासारखे बरेचदा काही उरत नाही. म्हणून या यंत्राच्या बाबतीत उपचारापेक्षा प्रतिबंधालाच महत्त्व आहे.

हा विषय आता पुढे येण्याचे कारण कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० या संहितेने ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा वाढवली. १९४८च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार पुरेसे होते. आता २० लागतात. संहितेतील ‘आस्थापना’ ठरण्यासाठीही साधारणपणे १० कामगार हवेत. एक मालक आणि चार-पाच कारागीर असलेला गल्लीतला फर्निचरचा कारखाना या दोन्हींच्या बाहेर राहतो. तिथे तपासणीस येणार नाही. मग तिथली बोटे कशाच्या भरवशावर?

सेकंदाला अडीचशे घाव

मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या दंडगोलावर तीन पाती असतील, तर मिनिटाला १५,००० आणि सेकंदाला २५० घाव बसतात. धोका जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात साठ घाव होऊन गेलेले असतात. ‘मी सावध असतो’ हे इथे संरक्षण नव्हे.

हात पात्यावर जातो तो बहुधा फळी अचानक उडाल्यामुळे. फळीवर जोर देणारा तळवा आधार सुटताच पुढे घसरतो आणि थेट फटीत जातो. जुन्या चौकोनी दंडाच्या रंध्यात ही फट मोठी असे आणि हात खोलवर ओढला जाई. म्हणूनच हाताने फळी सरकवायच्या रंध्याला गोल दंडच हवा, अशी अट ब्रिटनने १९२२च्या नियमांत घातली. आपल्याकडच्या कारखाना नियमांतही ती आली. जुने यंत्र विकत घेताना पहिल्यांदा पाहायची गोष्ट हीच.

नियम एकच, फायदे दोन

सुरक्षेचे नियम पाळले तर काम रेंगाळते, अशी अनेक कारागिरांची समजूत असते. रंध्याच्या बाबतीत ती खरी नाही. फळी ज्या कारणांनी उडते, बहुतांशी त्याच कारणांनी तिचा पृष्ठभाग बिघडतो.

बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी ठेचते. पृष्ठभाग केसाळ होतो, फळी ढकलायला जास्त जोर लागतो आणि जोर जास्त तितका हात घसरण्याचा धोका जास्त. लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने रंधले तर तंतू उचकटून खड्डे पडतात आणि फळीला धक्के बसतात. एका फेरीत तीन-चार मिलिमीटर काढायचा मोह झाला तर दोन्ही बिघडते. एक-दीड मिलिमीटरच्या दोन-तीन फेऱ्या बऱ्या. गाठीपाशी तर वेग आणखी कमी हवा. वाकलेल्या फळीची खोलगट बाजू खाली ठेवावी, म्हणजे ती दोन कडांवर स्थिर बसते आणि डुलत नाही. मागचे टेबल पात्याच्या सर्वांत उंच टोकाशी समपातळीत असावे. ते खाली असेल तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. वर असेल तर फळी अडते आणि माणूस ती जोराने रेटतो.

सरकवण्याच्या वेगाचे गणितही सोपे आहे. वरच्याच यंत्रावर मिनिटाला पाच मीटर या गतीने फळी गेली तर दोन घावांमध्ये ०.३३ मिलिमीटर अंतर राहते आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. तीच फळी तिप्पट घाईने रेटली तर अंतर एक मिलिमीटर होते आणि पॉलिश केल्यावर लाटा उठून दिसतात.

काही नियम मात्र निव्वळ जिवासाठी आहेत. पात्यांवरचे झाकण काढून ठेवू नये. फळीच्या जाडीपुरतेच उघडावे. फळी पात्यावरून नेताना मूठ असलेले लाकडी ठोकळे वापरावेत. एक फुटापेक्षा आखूड तुकडा या यंत्रावर हाताने रंधू नये. लांब फळी आधी रंधून मग तुकडे करावेत. हातमोजे, लांब बाह्या, मनगटातला दोरा किंवा कडे नको, कारण ते अडकले की हातही ओढला जातो. बटण बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहतात, तेव्हा ढलप्या हाताने काढू नयेत. पाती बदलताना प्लग काढलेला असावा.

कान आणि श्वास

चालू रंध्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या निकषाप्रमाणे एवढा आवाज उघड्या कानांनी दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये. बहिरेपण हळूहळू येते आणि गेलेली श्रवणशक्ती परतत नाही. कानात बसवायचे प्लग स्वस्त आहेत.

लाकडाच्या धुळीचा धोका इंग्लंडमध्ये लक्षात आला. हाय विकम या फर्निचरच्या गावातील कामगारांत नाकाच्या दुर्मीळ कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचे कान-नाक-घसातज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांनी १९६०च्या दशकात दाखवले. १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली. रंध्यातून प्रामुख्याने मोठ्या ढलप्या निघतात. बारीक धूळ जास्त उठते ती पॉलिशपेपर मारताना. म्हणजे रंधाई जितकी स्वच्छ, तितकी नंतरची घासाई कमी आणि छातीत जाणारी धूळही कमी. तरीही धूळ ओढणारा पंखा आणि चांगला मास्क हवाच.

अपघात झालाच तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. हळद किंवा चहापत्ती भरू नये. तुटलेला भाग मिळाला तर ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट लागू देऊ नये.

उंबरठ्याबाहेरची बोटे

कामगार भरपाईच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के आणि पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के घटली, असे धरले जाते. अंगठा गमावलेल्या सुताराला हे ३० टक्के विचारून पाहावेत. पटाशी धरणाऱ्या हाताचा तो निम्मा धंदा असतो.

यावर मार्ग आहेत. सरकारने एखादे काम धोकादायक म्हणून अधिसूचित केले तर एकच कामगार असला तरी संहिता लागू करता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीचे कर्ज मिळते. त्या प्रशिक्षणातला एक दिवस झाकण, ठोकळा आणि पात्यांच्या धारेसाठी राखला, तर तपासणीस न पोहोचणाऱ्या कारखान्यातही सुरक्षा पोहोचेल. ग्राहकालाही काही करता येते. कपाटासाठी घाईची तारीख मागताना ती घाई कुणाच्या हातावर पडते, एवढे तरी त्याने आठवावे.