श्वान कीं खेळणें?

गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांकडे फराळास जाण्याचा योग आला. दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच कोचावरील लोकरीचा एक पांढरा गुंडा उठून आमच्याकडे धांवत आला, तेव्हां तें कुत्रें आहे असें ध्यानांत आलें. जमलेल्या मंडळींत एक वकील होते, एक डॉक्टर होते, एक शिक्षिका होत्या. त्या सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघाला : "किती गोड! अगदीं खेळण्यासारखें!" आपल्या अपत्याची स्तुति ऐकावी तशा संतोषानें गृहस्वामिनींनीं ती प्रशंसा ऐकून घेतली. मी मात्र गप्प राहिलों. सणासुदीच्या दिवशीं यजमानाच्या घरीं वाद घालूं नये, एवढी रीत मला कळते. परंतु जें तेथें बोललों नाहीं तें येथें बोलल्यावांचून राहवत नाहीं. माझें म्हणणें कोणा एका घराविरुद्ध नसून आपणां सर्व सुशिक्षितांच्या एका अभिरुचीविरुद्ध आहे, हें आरंभींच सांगून ठेवतों.

कुत्रें पाळण्यास माझा मुळींच आक्षेप नाहीं. माझा आक्षेप आहे तो 'खेळण्यासारखें' या विशेषणास. खेळणें कशाला म्हणावें? ज्यास स्वतःचें सुखदुःख नाहीं, ज्याचें सारें प्रयोजन दुसऱ्याच्या करमणुकींत संपतें आणि जें मोडलें असतां टाकून देऊन दुसरें आणतां येतें, तें खेळणें. असें विशेषण आपण एका सजीव प्राण्यास स्तुति म्हणून लावतों. आणि तें सार्थ व्हावें म्हणून त्याचीं हाडें, त्याची कवटी, त्याचा जबडा, त्याची श्वासनलिका यांवर पिढ्यान्पिढ्या कारागिरी चालूं देतों. या कारागिरीचें मोल आपण रुपयांत देतों. तिचें दुसरें मोल तो प्राणी देतो, व तें आपल्या हिशेबाच्या वहींत कोठेंच चढत नाहीं.

असलीं कुत्रीं आपणांस आवडतात तरी कां? कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञानें १९४३ सालीं याचें एक मार्मिक उत्तर दिलें. मोठें डोकें, फुगीर कपाळ, टपोरे डोळे, गुबगुबीत गाल आणि आंखूड हातपाय हीं तान्ह्या मुलाचीं लक्षणें दिसलीं कीं मनुष्याच्या मनांत वात्सल्य आपोआप जागें होतें, असें त्याचें प्रतिपादन होतें. सृष्टीनें ही योजना आपल्या लेंकरांच्या रक्षणाकरितां केली. तीच लक्षणें दुसऱ्या प्राण्यावर कृत्रिम रीतीनें ठसविलीं तर आपलें वात्सल्य तेथेंही धांवतें. म्हणजे या छोटेखानी, केसाळ कुत्र्यांच्या बाबतींत आपण ज्यास प्रेम म्हणतों, त्याचा पहिला उमाळा तरी त्या कुत्र्याच्या स्वभावाकरितां नसतो. तो त्याच्या मुखवट्याकरितां असतो. वात्सल्य ही मोठी पवित्र भावना खरी. पण तिला फसवितां येतें, आणि फसविण्याचा धंदाही करतां येतो.

आपल्याकडील मध्यमवर्गाच्या विशेष परिचयाचा जो पॉमेरेनियन, त्याचाच इतिहास पाहा. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पॉमेरेनिया या प्रांतावरून त्यास हें नांव पडलें. त्याचे पूर्वज थंड मुलखांतील काटक, दाट केसांचे, कामकरी कुत्रे होते. अठराव्या शतकांत इंग्लंडांत आलेले या जातीचे कुत्रे चांगले मध्यम आकाराचे असत, हें गेन्सबरोच्या चित्रांतूनही दिसतें. १८८८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें फ्लॉरेन्सहून मार्को नांवाचा एक लहानसा पॉमेरेनियन आणला आणि राणीची आवड ती प्रजेची आवड झाली. लंडनांत केनेल क्लब १८७३ मध्येंच स्थापन झाला होता. प्रदर्शनें भरूं लागलीं होतीं. बक्षिसें वांटलीं जात होतीं. लहान त्याहून लहान, केसाळ त्याहून केसाळ अशी अहमहमिका लागली. आज अमेरिकन केनेल क्लबाच्या मानकाप्रमाणें पॉमेरेनियनचें वजन तीन ते सात पौंड, म्हणजे सुमारें दीड ते सव्वातीन किलो असावें लागतें. कामकरी प्राण्याचा दिवाणखान्यांतील शोभेचा जिन्नस होण्यास सृष्टीच्या मानानें निमिषही लागलें नाहीं.

आतां या संकोचाची किंमत पाहूं. प्रौढ कुत्र्यास बेचाळीस दांत असतात. जबडा मुठीएवढा झाला म्हणून दांतांची संख्या घटत नाहीं. ते दाटीवाटीनें उगवतात, हिरड्या सुजतात, दांत अकालीं पडतात. या लहान जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते व कुत्रें तिसरा पाय उचलून लंगडी घालीत चालतें. आपणांस ती त्याची लाडिक चाल वाटते. श्वासनलिकेचीं कूर्चेचीं कडीं दुबळीं होऊन ती नलिका आंतल्या आंत चेपते. कित्येकांची टाळू जन्मभर भरून येत नाहीं. अगदीं चिमुकल्या पिलांस एक-दोन वेळां खाणें चुकलें तर रक्तांतील साखर उतरून तीं मूर्च्छित पडतात. बाजारांत ज्यांस 'टीकप' म्हणतात, तीं तर कोणतीही मान्य जात नव्हे. खुजांशीं खुजांचा संकर करून, आणि कधीं कधीं पिलांस अर्धपोटीं ठेवून, हा चहाच्या पेल्यांत मावणारा चमत्कार घडविला जातो.

हें मी केवळ पुस्तकांतून वाचून सांगत नाहीं. आमच्या घरींही बर्फी नांवाचा एक पॉमेरेनियन अकरा वर्षें होता. कन्येच्या हट्टास्तव मीं तो एका दुकानांतून विकत आणला. त्याची आई कोठें आहे, कशी आहे, हें विचारण्याचें मला सुचलेंही नाहीं. त्याचा गळपट्टा जरा ओढला गेला कीं तो बदकाच्या ओरडण्यासारखा एक विचित्र आवाज काढी. आम्हांस त्याची मोठी मौज वाटे. घरीं पाहुणे आले म्हणजे मुलें मुद्दाम पट्टा ओढून तो आवाज त्यांस ऐकवीत, पाहुणे हंसत, आणि मीही हंसत असें. तो सहा वर्षांचा झाल्यावर एका पशुवैद्यांनीं क्ष-किरणांनीं घेतलेलें चित्र माझ्यापुढें धरलें आणि त्याची चेपलेली श्वासनलिका दाखविली. आम्हीं जें पाहुण्यांस ऐकवीत होतों, तें त्या मुक्या जिवाचें गुदमरणें होतें. "मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव" ही म्हण मी वर्गांत अनेक वेळां समजावून सांगितली आहे. तिचा अर्थ मला त्या दिवशीं कळला. माझें पदवीधर असणें, माझें ग्रंथवाचन, यांचा त्या सहा वर्षांत बर्फीस काडीचाही उपयोग झाला नाहीं.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप विचारांत घेऊं. कोणी म्हणतील, लहान कुत्रीं हीं कांहीं मनुष्याची खोडी नव्हे. तीं प्राचीन आहेत. हें म्हणणें अंशतः खरें आहे व मी तें मोकळेपणानें मान्य करतों. लहान आकाराशीं संबंधित असा एक आनुवंशिक भेद चोपन्न हजार वर्षांपूर्वींच्या लांडग्याच्या अवशेषांतही होता, असें संशोधकांनीं २०२२ सालीं दाखविलें. परंतु यावरून काय सिद्ध होतें? लहान असणें हा दोष नाहीं, इतकेंच. लहान कुत्रें नीट श्वास घेईल, धांवेल, जेवेल, विईल, तोंवर माझी तक्रार नाहीं. त्याच्या देहास सोसेल त्या मर्यादेपलीकडे, केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखाकरितां, त्यास आणखी लहान करणें हा अपराध आहे.

दुसरे म्हणतील, आम्ही त्यांस जिवापाड जपतों, आमच्या ताटांतला घांस देतों. याहून प्रेम तें कोणतें? त्यांस मी नामदेवांच्या कथेची आठवण करून देतों. कुत्र्यानें कोरडी भाकरी पळविली तेव्हां नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? तें कुत्रें गोरें होतें कीं काळें, केसाळ कीं लूत भरलेलें, हें कथा सांगत नाहीं. कारण नामदेवांनीं तें पाहिलेंच नाहीं. त्यांनीं पाहिली ती त्याची भूक. भूतदयेची खरी कसोटी ही आहे. आपली दया मात्र आधीं रूप पाहते आणि मग द्रवते. फाटकाबाहेर कुडकुडणाऱ्या पिलावर दगड भिरकावणारा हात घरांत येऊन पॉमेरेनियनच्या केसांवरून कंगवा फिरवितो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. शहरांतील दोन खोल्यांत मोठें कुत्रें कसें मावेल? पण आपल्या गल्लींतील देशी कुत्रें कांहीं वाघाएवढें नसतें; त्याचे केस आंखूड, आपली हवा त्याच्या अंगीं मुरलेली. उलट नागपूर-जळगांवच्या वैशाखांत दुहेरी केसांची ती बर्फाळ मुलखांतील झूल पांघरलेल्या प्राण्याचे काय हाल होत असतील? कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकून त्यास अंग निववावें लागतें, आणि धापा टाकण्यास श्वासनलिका धड असावी लागते. आणखी एक गंमत. आपण पॉमेरेनियन म्हणून ज्याचें कौतुक करतों, तो पुष्कळदां पॉमेरेनियन नसतोच; तो असतो आपल्याच देशांत रुळलेला, किंचित् थोराड व पुष्कळच काटक असा 'इंडियन स्पिट्झ'. 'हम आपके हैं कौन' या १९९४ सालच्या चित्रपटांत क्रिकेटचा पंच झालेला टफी याच जातीचा. जो आपल्या हवेंत तग धरून राहिला, त्यास त्याच्या नांवानें हांक मारण्याचीही आपणांस लाज वाटावी, आणि विलायती नांवावर जीव टाकावा, ही वृत्ति कुत्र्यांपुरतीच आहे असें मला वाटत नाहीं.

कायदा काय करतो, असें कोणी विचारील. आपल्याकडे श्वानपैदास व विक्री यांविषयींचे नियम २०१७ पासून आहेत; आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकूं नये, अठरा महिन्यांखालील मादीपासून पैदास करूं नये, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. नॉर्वेंत गोष्ट याहून पुढें गेली. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या मऊ केसांच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या कुत्र्याची कवटी त्याच्या मेंदूस अपुरी पडते व हृदयाची झडप अकालीं निकामी होते. म्हणून या जातीची आपसांत चालणारी पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरते, असा निर्णय ऑस्लोच्या न्यायालयानें २०२२ सालीं दिला आणि २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. परंतु न्यायालय विक्रेत्यास दंड करील. गिऱ्हाइकाची अभिरुचि तें कशी सुधारणार? मागणी आपली आहे. आपण मागतों म्हणून तो घडवितो.

मग ज्यांच्या घरीं अशीं कुत्रीं आज आहेत, त्यांनीं तीं रस्त्यावर सोडावीं काय? छे! तो तर दुसरा अपराध होईल. त्यांस शेवटपर्यंत सांभाळावें. गळ्याऐवजीं छातीस बसणारा पट्टा बांधावा. उन्हांत फिरवूं नये. दांत तपासून घ्यावेत. उन्हाळ्यांत दया येऊन त्यांचे केस मुळापासून भादरूं नयेत, कारण ते कित्येकदां पुनः धड उगवत नाहींत. पण त्यांपासून प्रजा वाढवूं नये, आणि नवें आणतांना रूपावर जाऊं नये. विकतच घ्यावयाचें तर पिलाची आई पाहिल्यावांचून घेऊं नये. जो ती दाखवीत नाहीं त्याच्या दारांतून परत फिरावें. त्याहूनही बरें, दारांतलेंच एखादें पिलूं उचलून त्यास घर द्यावें.

बर्फीस जाऊन दोन वर्षें झालीं. शेवटच्या रात्रीं त्यास आडवें होतां येईना. बसून, मान वर करून तो पहाटेपर्यंत श्वास ओढीत होता, आणि कन्या त्याच्याजवळ जमिनीवर बसून होती. परवां परगांवाहून तिनें एका 'टीकप' पिलाचें चित्र मोबाइलवर मला पाठविलें. खालीं लिहिलें होतें : "बाबा, अगदीं आपला बर्फी ना?" चित्र खरोखरच गोड होतें, आणि माझेंही मन क्षणभर द्रवलें, हें कबूल करतों. मीं अद्याप तिला उत्तर लिहिलेलें नाहीं. हें मासिक तिच्या घरीं जातें. तिनें हा लेख वाचावा, ती रात्र आठवावी, आणि मग काय तें ठरवावें.