न जुळणारा आकडा

गेल्या सत्रात शास्त्रशिक्षक रजेवर गेल्यामुळे नववीच्या प्रयोगवह्या तपासण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही पडलो कलाशाखेचे. परंतु लंबकाचे सर्व आकडे पुस्तकातील उत्तराशी असे तंतोतंत जुळलेले, आणि कागद रबराने असा झिजलेला, की संशय येण्यास शास्त्र जाणण्याची गरज नव्हती. त्या वह्या पाहून आम्हांस प्रजापतीची, म्हणजेच युरेनस ग्रहाची, कडी आठवली.

रात्री नदीतून होडी चाललेली असता पैलतीरावरील दिवा क्षणभर लोपतो व पुन्हा दिसतो. आड आलेला माड अंधारात दिसत नाही. दिवा मात्र त्याची चाहूल देतो. दूरच्या ग्रहांची कडी शोधण्याची एक रीत हीच. ग्रह ताऱ्यासमोरून जातो त्या तारापिधानाच्या वेळी ताऱ्याचे तेज सतत मोजीत राहावयाचे.

10 मार्च 1977 रोजी जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम व जेसिका मिंक यांनी हिंदी महासागरावरून उडणाऱ्या विमानातील दुर्बिणीतून असेच पिधान पाहिले. त्यांना अभ्यासावयाचे होते ग्रहाचे वातावरण. वेळेची खात्री नसल्याने त्यांनी नोंद बरीच आधी सुरू केली, आणि तारा ग्रहाआड जाण्यापूर्वीच पाच वेळा मंदावला. बाहेर आल्यावरही पाच वेळा, ग्रहापासून जवळजवळ तितक्याच अंतरांवर. बहुतेक कडी अवघी काही किलोमीटर रुंद. तोवर ती कोणत्याही दुर्बिणीस दिसली नव्हती. त्याच रात्री तामिळनाडूतील कवलूर येथे भट्टाचार्य व कुप्पुस्वामी यांनाही ताऱ्याचे तेज एकदा उतरलेले आढळले. त्यांनी तो नवा चंद्र मानला. अर्थ चुकला, पण नोंद खरी होती. आड आले होते ते कडेच.

नेपच्यूनने तर गंमतच केली. 1984 साली तारा त्याच्या एका बाजूस मंदावला, दुसऱ्या बाजूस नाही. सुबक वहीची हौस असलेल्याने दोहोंपैकी एक आकडा पुसलाच असता! 1989 साली व्हॉयेजर-2 यानाची छायाचित्रे आली तेव्हा कळले, कडे अखंड आहे, परंतु दाट आहे ते काही तुकड्यांपुरतेच.

दोष मुलांचा कमी, आम्हां शिक्षकांचा अधिक. जुळलेल्या उत्तरास आम्ही पूर्ण गुण देतो आणि न जुळणाऱ्यावर लाल शाई फिरवितो. आमचे म्हणणे एवढेच, की येत्या वर्षापासून प्रयोगाच्या तासाला रबर दप्तरातच राहावे, आणि न जुळणाऱ्या आकड्याचे कारण शोधण्यास निराळे गुण असावेत. निकालाची टक्केवारी थोडी उतरेल. शास्त्रशिक्षकांशी आम्ही बोललो आहोत. ते अद्याप विचार करीत आहेत.