रिकाम्या जिममधली मॅच

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांमध्ये बास्केटबॉलच्या टुर्नामेंट होतात. टीव्ही नाही, स्कॉलरशिप नाही, गर्दीही नाही. मग ती मुलं खेळतात कशासाठी? आणि आपण त्या मॅच बघायच्या कशासाठी?

डिसेंबरची २८ तारीख. दुपारचा एक वाजलाय. पेनसिल्व्हेनियातलं किंवा मॅसॅच्युसेट्समधलं एखादं छोटं कॉलेज डोळ्यासमोर आणा. हॉस्टेलं रिकामी, लायब्ररी बंद, पार्किंगच्या कडेला बर्फाचे ढीग. सगळ्या कॅम्पसमध्ये एकाच इमारतीत दिवे लागलेत, ते म्हणजे जिममध्ये. दाराशी टेबल टाकून एकजण तिकिटं देतोय. आत लाकडी कोर्टवर बुटांचा तो ओळखीचा चर्रचर्र आवाज. प्रेक्षक बोटांवर नाही, पण दहा मिनिटांत मोजून होतील इतके. खेळाडूंचे आईबाप, कुणाचे आजी-आजोबा, गावातले काही जुने शौकीन आणि सुट्टीला घरी आलेले दोन-चार माजी खेळाडू.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. बरीच कॉलेजं आपल्या मॅच स्वतःच ऑनलाइन दाखवतात. कॅमेरा बहुधा एकच, कॉमेंट्रीला अनेकदा कॉलेजचाच एखादा विद्यार्थी. आणि इथे घरातले सगळे झोपलेले असताना मी इअरफोन लावून, ज्या कॉलेजांची नावं आपल्या नातेवाइकांत कुणी ऐकलेली नसतात त्यांची मॅच बघत बसतो. ‘तुला काय मिळतं रे त्यात?’ हा प्रश्न घरी विचारून झालाय. आज त्याचं उत्तर तुम्हाला देतो.

आधी थोडी माहिती, म्हणजे गंमत कळेल. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा मोठा कारभार एनसीएए ही संघटना बघते. तिचे तीन विभाग आहेत. आपण रील्सवर बघतो ते ड्यूक, केंटकी, कॅन्सस हे सगळे डिव्हिजन वनमधले. मोठी स्टेडियम, मोठे करार, एनबीएचं दार समोर. सगळ्यात खाली आहे डिव्हिजन थ्री, आणि कॉलेजांच्या संख्येत तोच सगळ्यात मोठा. चारशेहून जास्त कॉलेजं आहेत त्यात. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. चांगला खेळतो म्हणून कुणालाही स्कॉलरशिप द्यायची नाही. मार्कांवर मिळेल, घरची परिस्थिती बघून मिळेल, पण खेळावर नाही. म्हणजे तुम्ही मॅचमध्ये तीस पॉइंट मारा नाहीतर बेंचवर बसून टाळ्या वाजवा, तुमच्या फीचा आकडा त्यानं बदलत नाही.

आता वेळापत्रक बघा. सीझन नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. डिसेंबरच्या मध्याला सेमिस्टरच्या परीक्षा, मग नाताळ, सगळे घरी. जानेवारीत आपापल्या कॉन्फरन्सच्या मॅच जोरात सुरू होणार. मधल्या मोकळ्या दिवसांत टीम गंजू नये म्हणून कॉलेजं छोट्या टुर्नामेंट भरवतात. बाकीचे विद्यार्थी आईच्या हातचं खात महिनाभर घरी लोळत असताना ही पंधरा-वीस पोरं नाताळ झाल्या झाल्या बॅग उचलून परत येतात. रिकाम्या कॅम्पसवर राहतात, सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस करतात आणि बसमध्ये बसून दुसऱ्या राज्यात मॅच खेळायला जातात.

हरलेल्यांची मॅच

टुर्नामेंटचा साचा अगदी साधा. यजमान कॉलेज आणि तीन पाहुणे. पहिल्या दिवशी दोन मॅच. दुसऱ्या दिवशी आधी हरलेल्या दोघांची मॅच, मग जिंकलेल्यांची फायनल. म्हणजे लांबून आलेल्या प्रत्येक टीमला दोन मॅच नक्की मिळतात. काल हरलात म्हणून आज घरी जा, असं इथे नसतं.

माझं ऐकाल तर फायनल चुकली तरी चालेल, पण ती पहिली, हरलेल्यांची मॅच चुकवू नका. कारण तिच्यात जिंकून काहीच हाती लागत नाही. कप नाही, हार नाही, पेपरात ओळ आली तर आली. काल रात्री हरलेली टीम आज सकाळी उठून, हॉटेलचा नाश्ता करून पुन्हा बूट बांधते. एरवी बेंचवर बसणाऱ्या पोरांना कोच अशा मॅचमध्ये उतरवून बघतो. चौथ्या वर्षाचा एखादा मुलगा, ज्याला सीझनभर मोजून मिनिटं मिळतात, तो उतरतो आणि पहिल्याच मिनिटाला सुटलेल्या बॉलवर छातीवर पडतो. त्याच्या बेंचवरचे सगळे उभे राहतात. स्टँडमध्ये त्याची आई उभी राहते. माझ्या लॅपटॉपवर ती एवढीशी दिसते, पण दिसते.

त्या बॉलसाठी त्याला काय मिळणार होतं? एनबीए? डिव्हिजन थ्रीमधून तिथे पोहोचणं म्हणजे लाखात एखाद्याचं नशीब. ऑग्सबर्ग कॉलेजचा डेव्हियन जॉर्ज १९९९ मध्ये लेकर्सनी निवडला आणि तीनदा चॅम्पियन टीममध्ये राहिला. डंकन रॉबिन्सन पहिलं वर्ष विल्यम्स कॉलेजकडून खेळला, मग मिशिगनला गेला आणि २०२० मध्ये मायामी हीटकडून एनबीएची फायनल खेळला. अशी नावं पटकन आठवतात, कारण ती फार थोडी आहेत. बाकीचे सगळे इंजिनिअर होतात, शिक्षक होतात, बँकेत लागतात. जमिनीवर पडलेल्या त्या पोरालाही हे पक्कं माहीत असतं. तरी तो पडतो. तुमच्या-माझ्या प्रत्येक गोष्टीला ‘याचा सीव्हीला काय उपयोग?’ असं विचारलं जात असताना, हे बघायला मला रात्री जागावंसं वाटतं.

हा खेळ डिसेंबरचाच

एक योगायोग सांगतो. बास्केटबॉलचा जन्मच नाताळच्या तोंडावरचा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचा शिक्षक होता. बाहेर बर्फ, मुलं आत कोंडलेली आणि कंटाळलेली. त्यानं तेरा नियम लिहिले, पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि वर्गातल्या अठरा मुलांच्या नऊ-नऊच्या दोन टीम केल्या. तारीख होती २१ डिसेंबर १८९१. ना तिकीट, ना कप. थंडीत पोरांनी काहीतरी खेळावं, एवढाच हेतू. ती संस्था म्हणजे आजचं स्प्रिंगफिल्ड कॉलेज. आणि ते कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळतं? थ्री! ज्या घरात हा खेळ जन्मला, ते घर आजही छोट्यांच्याच गल्लीत आहे.

आणि छोटे म्हणजे कच्चे, असं समजू नका. २३ डिसेंबर १९८२ ला होनोलुलूमध्ये काय झालं ते वाचा. व्हर्जिनिया विद्यापीठाची टीम तेव्हा देशात पहिल्या नंबरवर होती आणि एकही मॅच हरली नव्हती. त्यांच्याकडे सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन होता. जपानहून परतताना वाटेत हवाईला एक सोपी मॅच म्हणून ते चॅमिनाडशी खेळले. चॅमिनाड म्हणजे हजारभरसुद्धा विद्यार्थी नसलेलं कॉलेज. एनसीएएमध्येही नव्हतं, छोट्या कॉलेजांच्या एनएआयए या वेगळ्या संघटनेत होतं. निकाल? चॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२. टीव्हीवर मॅच नव्हती, त्यामुळे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या वर्तमानपत्रांत रात्री उशिरा हा स्कोअर पोहोचला तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. त्या एका रात्रीतूनच पुढे १९८४ मध्ये ‘माउई इन्व्हिटेशनल’ ही टुर्नामेंट सुरू झाली. लहायनाच्या सिव्हिक सेंटरमध्ये, जेमतेम २४०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये, देशातल्या बड्याबड्या टीम यायला लागल्या. यजमान कोण? तेच चिमुकलं चॅमिनाड. २०१२ मध्ये त्यांनी तिथे टेक्सासलाही लोळवलं.

पैसा आणि कुलूप

मग आता हे सगळं आज का सांगतोय? कारण या सुट्टीतल्या खेळावर दोन बाजूंनी दाब येतोय.

पहिली बाजू पैशाची. २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमाई करता येते. ते योग्यच झालं. वर्षानुवर्षं त्यांच्या घामावर इतरांनी बंगले बांधले होते. पण त्या मागोमाग टुर्नामेंटचंही गणित बदललं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासला ‘प्लेअर्स एरा’ नावाची टुर्नामेंट सुरू झाली, त्यात प्रत्येक टीमच्या खेळाडूंसाठी सुमारे दहा लाख डॉलर होते. असं ताट समोर आल्यावर बेटावरच्या छोट्या हॉलमध्ये कोण कशाला जाईल? मोठी टीम आणि छोटी टीम एका छताखाली येण्याचे प्रसंग त्यामुळे कमी होणार. आणि तसे प्रसंगच नसतील तर पुढचं चॅमिनाड येणार कुठून?

दुसरी बाजू जास्त गंभीर. छोटी कॉलेजंच बंद पडतायत. मुलं कमी झाली, फी वाढली, कर्ज वाढलं. पेनसिल्व्हेनियाचं कॅब्रिनी विद्यापीठ २०१२ मध्ये डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय फायनलपर्यंत गेलं होतं आणि ६३-६० असं अगदी थोडक्यात हरलं होतं. २०२४ मध्ये त्याला कायमचं कुलूप लागलं. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज त्याच वर्षी बंद झालं. अलाबामामधल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. खेळ बास्केटबॉल नाही, बेसबॉल. पण डिव्हिजन तीच. १८५६ पासूनचं ते कॉलेज ३१ मे २०२४ ला बंद झालं, आणि त्याच दिवशी त्यांची टीम ओहायोमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होती. कॉलेज उरलं नव्हतं, टीम होती! त्यानंतरची एक मॅच त्यांनी जिंकलीसुद्धा.

कॉलेज बंद झालं की बातमीत इमारती, कर्ज, प्राध्यापक यांचा उल्लेख येतो. तो यायलाच हवा. पण चार टीमच्या टुर्नामेंटमधली एक जागाही रिकामी होते, ते कुणी लिहीत नाही. दर डिसेंबरला जिममध्ये येऊन त्याच कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या शौकिनानं पुढच्या वर्षी कुठे जायचं? वीस वर्षांपूर्वी तिथे खेळलेल्या माणसानं आपल्या पोराला कुठलं कोर्ट दाखवायचं?

तुमच्या कॉलेजचं काय?

‘अमेरिकेतलं दुःख आम्हाला कशाला?’ असं म्हणाल, तर एक धागा दाखवतो. नेस्मिथच्या वायएमसीएनंच हा खेळ जगभर नेला, आणि भारतात तो आला तोही त्याच वाटेनं. मुंबईच्या नागपाड्यातल्या गल्ल्यांत तो इतका रुजला की तिथून भारताचे खेळाडू निघाले. भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथल्या कोर्टवरही सुरुवातीला कुणी कॅमेरे घेऊन उभं नव्हतं. उभे होते ते मोहल्ल्यातले लोक.

म्हणून रात्री साडेअकराच्या त्या मॅचनं मला जे शिकवलं ते एवढंच. मोठ्या मॅचला प्रेक्षक म्हणून तुमची गरज नसते. वानखेडेवर तुम्ही गेला नाहीत तरी तुमच्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी बसेल. पण ऐंशी लोकांच्या जिममध्ये तुम्ही एक्क्याऐंशीवे असता, आणि ते कोर्टवरच्या मुलाला ऐकू येतं. तिथे टाळी वाजवणारा माणूस खेळाचा भाग होतो.

तुमच्या कॉलेजचीही टीम आहे. बास्केटबॉलची असेल, कबड्डीची, खो-खोची, हँडबॉलची असेल. इंटरकॉलेजच्या मॅच भर उन्हात, लेक्चरच्या वेळात होतात आणि बघायला बहुतेक वेळा राखीव खेळाडू आणि पीटीचे सरच असतात. कॅप्टनचं नाव तुम्हाला माहीत आहे? खरं सांगा. मलाही कॉलेजात असताना माहीत नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या टीमचे राखीव खेळाडू मला आज पाठ आहेत आणि माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा, गुडघ्याला पट्टी बांधून येणारा मुलगा कुठला खेळ खेळायचा हे मी कधी विचारलं नाही. त्याची लाज वाटते म्हणूनच हे लिहितोय.

तेव्हा दोन कामं करा. येत्या नाताळच्या सुट्टीत, जागरण झेपत असेल तर, अशी एक मॅच शोधून बघा. कुठल्या टीमच्या बाजूनं राहायचं ते पहिल्या पाच मिनिटांत आपोआप ठरतं. आणि त्याआधी नोटीस बोर्डापाशी थांबून आपल्या कॉलेजची पुढची मॅच कधी आहे ते वाचा. एक लेक्चर बुडेल. बुडू द्या. मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला नावानं हाक मारा.