गोळ्यांची यादी

घास गिळता येत नाही, तरी वृद्धाश्रमातल्या आजोबांना कोलेस्टेरॉलची गोळी कुस्करून भरवतात. बंद करा असं कुणी सांगितलेलंच नसतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, थोडंच आयुष्य उरलेल्या ३८१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांची ही गोळी थांबवली. साठ दिवसांतल्या मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही, जगणं मात्र जरा सुसह्य झालं. उलट वेदना शमवणारं मॉर्फिन, अंमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊनही, अनेक खाटांपर्यंत पोचत नाही. याची चीड येते.

शुक्रवार पेठेतून आमची मागणी एवढीच: सोलापुरातल्या प्रत्येक वृद्धाश्रमात डॉक्टर, परिचारिका आणि घरच्यांनी दरमहा प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी घेऊन बसावं. परस्पर कुठलंही औषध बंद करू नये. काही औषधं हळूहळूच कमी करावी लागतात.