पेन ड्राइव्ह न लावता ऑपरेटिंग सिस्टीम: 'पिक्सी' नेमकं काय करतं आणि धोका कुठे आहे?

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे विंडोजची मशीन्स निळ्या स्क्रीनवर अडकली. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. आपल्याकडे हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो फिरत होते. उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जायचं, एक फाइल डिलीट करायची. पण मशीन सुरूच होत नसेल तर दूर बसून करणार काय? बहुतेक ठिकाणी प्रत्येक मशीनपाशी माणूस पाठवावा लागला. बिटलॉकर असेल तर वर ४८ आकड्यांची रिकव्हरी कीसुद्धा टाइप करा!

मायक्रोसॉफ्टने आधी यूएसबीवरून चालणारं दुरुस्तीचं टूल दिलं, नंतर त्यात पीएक्सईचा पर्याय आणला. उच्चार 'पिक्सी'. मी सर्व्हरचं काम करतो, म्हणून मला ही बातमी जास्त महत्त्वाची वाटली. अर्थात, ज्यांच्या नेटवर्कवर ही सोय उभी होती त्यांनाच तिचा उपयोग.

नवा फोन सुरू केला की तो भाषा, वायफाय, गूगल अकाउंट असं एकेक विचारतो. एका फोनला ठीक आहे. स्क्रीन-कीबोर्ड नसलेल्या दोनशे सर्व्हरना कोण उत्तरं देत बसणार?

म्हणून रिकामा सर्व्हर चालू झाला की त्याचं नेटवर्क कार्ड अख्ख्या नेटवर्कवर ओरडून विचारतं, "मला आयपी पत्ता द्या, आणि बूट कुठून करू?" डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो, बूटची फाइल कुठे आहे तेही कळतं. मग टीएफटीपीने छोटा बूटलोडर उतरतो, त्यामागून लिनक्सचं कर्नल आणि इन्स्टॉलर. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहिलेली असतात: डिस्कचे भाग कसे पाडायचे, टाइमझोन कोणता, कुठली पॅकेजेस. रेड हॅटमध्ये तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, उबुंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल. शेवटी रीबूट. इथे 'आता डिस्कवरून बूट कर' हे सांगायचं राहिलं, तर पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल सुरू करतो!

आता गोची बघा. त्या ओरडण्याला उत्तर देणारा खरा की खोटा, हे मशीन तपासत नाही. टीएफटीपीत पासवर्ड नाही, एन्क्रिप्शनही नाही. त्याच नेटवर्कवर घुसलेला कुणीही स्वतःची फाइल पुढे करू शकतो. त्यात जानेवारी २०२४ मध्ये क्वार्क्सलॅबने 'पिक्सीफेल' नावाने नऊ त्रुटी जाहीर केल्या. त्या ईडीके-२ मध्ये होत्या, म्हणजे अनेक कंपन्यांचं यूईएफआय फर्मवेअर ज्या कोडवर उभं आहे त्यात. ऑपरेटिंग सिस्टीम यायच्या आधीच हल्ला, तिथे अँटिव्हायरस काय करणार?

सिक्युअर बूट आहे ना, असं कुणी म्हणेल. ते बूटलोडर आणि कर्नलची सही तपासतं, उत्तरांच्या फाइलची नाही. आणि त्या फाइलमध्ये बऱ्याचदा रूट पासवर्डचा हॅश असतो. त्यामुळे इन्स्टॉलेशनसाठी वेगळं व्हीलॅन आणि टीएफटीपीऐवजी एचटीटीपीएसवरून बूट, एवढं तरी हवंच असं माझं मत.

तुमच्या लॅपटॉपवर कधी अचानक 'स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४' असं दिसलं, तर बहुधा त्याला डिस्क सापडलेली नाही आणि तो नेटवर्कवर सिस्टीम शोधतोय. आधी डिस्क तपासा. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये लॅन केबल लावत असाल तर बायोसमधला नेटवर्क बूट बंद करून टाका.