निबंधातून गाळलेला परिच्छेद

महाविद्यालयात एका निबंध स्पर्धेसाठी विष्णुशास्त्री चिपळूणकर हा विषय होता. माझी लेखनपद्धती ठरलेली. आरंभी सुभाषित, मध्ये वहीत टिपून ठेवलेली भारदस्त विशेषणे, शेवटी तरुणांना आवाहन. ‘निबंधमाला’ न वाचताच निबंध सिद्ध झाला होता! एखादे अवतरण हवे म्हणून ग्रंथालयात गेलो आणि तिथेच गुंतलो. १८७४ पासून सुमारे सात वर्षे जवळजवळ एकहाती चालवलेले ते मासिक. त्यातील ‘आमच्या देशाची स्थिति’ या निबंधावर इंग्रज सरकारने पुढे बंदी घातली, इतके त्याचे तेज. परंतु त्याच मालेत महात्मा फुल्यांच्या लेखनाची कुचेष्टाही वाचली आणि मन खट्टू झाले. शास्त्रीबुवांची स्वभाषेविषयीची कळकळ खरी. आपल्याच समाजातील वंचितांच्या वेदनेविषयीची बेपर्वाईही तितकीच खरी. फुल्यांविषयीचा परिच्छेद मी लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. पक्क्या प्रतीतून मात्र तो गाळला. पहिले पारितोषिक मिळाले.

आज जयंती-पुण्यतिथीचे लेख माझ्या टेबलावर येतात. तीच विशेषणे, तेच आवाहन. लिहिणारे तरुण असतात, त्यांची श्रद्धा निखळ असते. हल्ली मी त्यांना दूरध्वनी करून विचारतो, ‘‘या महापुरुषाचे तुम्हांला काय पटले नाही?’’ काही जण रागावतात. एकाने मात्र क्षणभर थांबून म्हटले, ‘‘लिहिले होते, पण छापाल असे वाटले नाही.’’ तो परिच्छेद मी मागवून घेतला आहे.